बिनसावलीच्या ठिपक्यामागे

मे महिन्यात एक दुपार अशी येते की सावली आपल्याला सोडून जाते. कोल्हापुरात पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत त्यानंतर दोनेक दिवसांनी, नागपुरात महिना संपत आला की. गच्चीत भर उन्हात पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि बघत बसायचं. साडेबाराच्या आगेमागे त्याची सावली आखडत आखडत बुडाखाली शिरते आणि गुडूप! तांब्या लख्ख उन्हात उभा, पण जमिनीवर त्याची खूण नाही. मी दर वर्षी हा खेळ बघतो आणि दर वर्षी तितकाच चक्रावतो.

आता एक प्रश्न. त्या क्षणी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो, हे कबूल. मग बाकीच्या वेळी तो कुणाच्या डोक्यावर असतो? कुणाच्या तरी असणारच की! तुम्ही हे वाचताय त्या क्षणीही, मग तुमच्याकडे मध्यरात्र का असेना, पृथ्वीच्या पाठीवर एक ठिपका असा आहे जिथे उभ्या काठीला सावली नाही. तो ठिपका क्षणभरही थांबत नाही. विषुववृत्तावर तो ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे धावत असतो. आपलं प्रवासी विमान त्याच्या मागे पडेल.

एका बाईने या ठिपक्याचा माग काढत, एकटीने, शिडाच्या बोटीतून पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. वाटेत कुठल्याही बंदरात पाय न ठेवता. वाट शोधायला जीपीएस न वापरता. तिचं नाव किर्स्टन नॉइशेफर. ती दक्षिण आफ्रिकेची, जन्म प्रिटोरियाचा, १९८२ सालचा. तिची बोट ३६ फूट लांब, म्हणजे साधारण आपल्या लाल एसटीएवढी. ४ सप्टेंबर २०२२ रोजी फ्रान्समधल्या ले साब्ल दोलोन या बंदरातून ती निघाली आणि २३५ दिवसांनी त्याच बंदरात परत आली.

पण ही बाई आहे तरी कोण?

प्रिटोरियापासून समुद्र चांगला शेकडो किलोमीटर दूर. तरी लहानपणीच ती छोट्या शिडाच्या होडीत बसायला शिकली. पुढे बाविसाव्या वर्षी तिने काय करावं? युरोपात होती, घरी परतायचं होतं, तर सायकल काढली आणि निघाली! सहारा ओलांडून, मध्य आफ्रिकेची जंगलं पार करून, सुमारे १५,००० किलोमीटर, एकटी, थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत. त्यानंतर समुद्र हाच तिचा पोटापाण्याचा धंदा झाला. लोकांच्या बोटी एका देशातून दुसऱ्या देशात पोचवून द्यायच्या, हे काम. एकदा तर लोखंडी जाळी आणि सिमेंट यांची बनवलेली जुनी बोट तिने पोर्तुगालपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत एकटीने आणली. (सिमेंटची बोट तरंगते का? तरंगते. पोकळ आकार आपल्या वजनाएवढं पाणी बाजूला सारू शकला की पाण्याला त्याच्या जातीशी देणंघेणं नसतं.) मग २०१५ पासून दक्षिण जॉर्जिया बेट, अंटार्क्टिका, पॅटागोनिया. वन्यजीवांचं चित्रीकरण करणाऱ्यांना घेऊन ती बर्फाच्या खडकांमधून बोट हाकत होती.

आणि मग तिला एका विचित्र शर्यतीने खुणावलं.

गोल्डन ग्लोब रेस हे तिचं नाव. विचित्र अशासाठी की ही शर्यत मुद्दाम जुन्या काळात खेळली जाते. बोटीचा आराखडा १९८८ च्या आधीचा हवा. लांबी ३२ ते ३६ फूट. जीपीएस नाही, विजेवर चालणारं आपोआप सुकाणू नाही, संगणक नाही. कागदी नकाशे आणि रेडिओ चालतील. गाणी ऐकायची तर कॅसेटवर! जीपीएस बोटीवर असतो, पण मोहोरबंद डब्यात, फक्त जिवावर बेतलं तर फोडायला. एवढा सगळा अट्टहास कशासाठी? तर १९६८ साली जी पहिली शर्यत झाली, तिची आठवण म्हणून. तेव्हा नऊ जण निघाले होते आणि एकच परतला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ३१२ दिवस लागले त्याला. तो विनाथांबा एकट्याने पृथ्वी फिरून येणारा पहिला माणूस. त्याची ३२ फुटी सागवानी बोट 'सुहैली' कुठे बांधली होती, ठाऊक आहे? आपल्या मुंबईत, कुलाब्याला! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो. मुंबईच्या सुतारांनी हातांच्या अवजारांनी घडवलेली बोट, आणि तिने सगळं जग ओलांडलं.

धागा तिथेच तुटत नाही. पुढे 'सुहैली'चीच जुळी बहीण शोभेल अशी 'थुरिया' गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधली गेली. त्याच गोदीत त्याआधी 'म्हादेई' तयार झाली होती, जिच्यातून दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले आणि त्यांच्यामागून अभिलाष टॉमी विनाथांबा जाऊन आले. अभिलाष टॉमी हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता मूळ कोड्याकडे येऊ. चहूबाजूंना पाणी. एक झाड नाही, एक दिवा नाही, मैलाचा दगड नाही. मी कुठे आहे, हे कसं कळणार?

गावातल्या देवळासमोरची दीपमाळ डोळ्यांपुढे आणा. तिच्या पायथ्याशी उभं राहिलात तर टोक बघायला मान पार मागे टाकावी लागते. लांब गेलात की मान खाली येत जाते. म्हणजे मान किती वर करावी लागते, यावरून दीपमाळ किती लांब आहे हे सांगता येईल. बरोबर? आता सूर्य ही एक अतिउंच दीपमाळ समजा. तिचा पायथा कुठे? तोच आपला बिनसावलीचा ठिपका! सूर्य डोक्यावरून जितका कललेला, तितके आपण त्या ठिपक्यापासून लांब. आणि हिशेब किती देखणा आहे बघा: सूर्य डोक्यावरून एक अंश कलला, तर ठिपका बरोबर ६० सागरी मैलांवर. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, आणि त्याची व्याख्याच मुळी अंशाच्या साठाव्या भागावर बेतलेली. २१ मार्चच्या सुमारास ठिपका विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा तो डोक्यावरून १९ अंश दक्षिणेला कललेला दिसतो. एकोणीस साठा अकराशेचाळीस. झालं, मुंबई विषुववृत्तापासून सुमारे १,१४० सागरी मैलांवर आहे. गच्चीत बसून पृथ्वी मोजली की नाही?

ठिपका कुठल्या सेकंदाला कुठे असेल, हे आधीच छापलेलं मिळतं. खलाशांचं पंचांगच ते, वर्षभराचं. किर्स्टनला करायच्या फक्त दोन गोष्टी. सूर्याचा कोन मोजायचा आणि घड्याळात बघायचं.

'फक्त' म्हणालो खरा, पण तो कोन कसा मोजतात ते ऐका.

त्या उपकरणाला सेक्स्टंट म्हणतात. पंख्याच्या आकाराची पितळी चौकट, तिच्यावर दोन छोटे आरसे आणि एक दुर्बीण. दुर्बिणीतून क्षितिज बघायचं, दांडी सरकवत जायचं, की काळ्या काचेतून दिसणारं सूर्याचं प्रतिबिंब हळूहळू आकाशातून खाली उतरू लागतं. उतरत उतरत त्याची खालची कड क्षितिजाला नुसती टेकली पाहिजे. काठाला टेकलेला लाडू जसा. टेकली की त्याच क्षणी घड्याळ बघायचं आणि दांडीवरचा आकडा वाचायचा.

यातली खरी करामत वेगळीच आहे. बोट तर डुचमळतेय, हात हलतोय, मग सूर्य क्षितिजावर टिकेल कसा? टिकतो! कारण क्षितिज आणि सूर्य दोन्ही एकाच चौकटीतून दिसत असतात. हात हलला तर दोघं मिळून हलतात, त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं. एका झोपाळ्यावर बसलेल्या दोन मुलांसारखं. शिवाय आरसा एक अंश वळला की त्यावरून परतणारा किरण दोन अंश वळतो. शाळेत घड्याळाच्या काचेचा कवडसा भिंतीवर नाचवताना आपण हे सगळ्यांनी केलंय: मनगट जरासं वळवावं आणि कवडसा मास्तरांच्या नाकावर! म्हणून सेक्स्टंटची कमान वर्तुळाच्या फक्त एक षष्ठांश असूनही १२० अंशांपर्यंत मोजते. नावही त्या षष्ठांशावरूनच पडलं.

अचूकपणा किती हवा? पौर्णिमेचा चंद्र आकाशात जेवढा रुंद दिसतो, त्याचे तीस भाग करा. त्यातला एक भाग चुकला की नकाशावर एक सागरी मैल चुकला. आणि हे डोंगराएवढ्या लाटांवर, एका हाताने बोटीला धरून करायचं. दोन लाटांच्या खळग्यात बोट असेल तर क्षितिज दिसतच नाही, समोर पाण्याची भिंत. म्हणून लाटेच्या माथ्यावर चढेपर्यंत थांबायचं, आणि वर आली की त्या दोन सेकंदांत सूर्य टेकवायचा.

घड्याळाचं महत्त्व तर याहून मोठं. मुंबईतला सूर्य माथ्यावर कधी येतो? बाराला नाही, सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी. कारण आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या सूर्यावर लावलेली आहेत आणि तो सूर्य मुंबईला पोचायला एवढा वेळ लागतो. जुनी 'मुंबई वेळ' ३९ मिनिटं मागे होती ती याचमुळे. पृथ्वीचा एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. उलटा विचार केला तर माथ्यावरच्या सूर्याची वेळ म्हणजेच तुमचा रेखांश! पण घड्याळ एका मिनिटाने चुकलं, तर विषुववृत्तावर ठिपका २८ किलोमीटर चुकतो. चर्चगेटला आहोत असं वाटावं आणि मालाड उगवावं. अठराव्या शतकापर्यंत समुद्रावर नीट चालेल असं घड्याळच नव्हतं. ते करून दाखवलं जॉन हॅरिसन या इंग्रज सुतारपुत्राने, आणि त्यात त्याचं आयुष्य गेलं.

एक कोन मोजला की कळतं, आपण ठिपक्यापासून अमुक मैलांवर आहोत. पण कुठल्या दिशेला? दीपमाळेभोवती त्या अंतरावर तर अख्खं वर्तुळ काढता येईल! मग काही तास थांबायचं. तोवर ठिपका पुढे पळालेला असतो. पुन्हा कोन, पुन्हा वर्तुळ. दोन वर्तुळं जिथे छेदतात, तिथे आपण. दोन ठिकाणी छेदतात खरी, पण दुसरं ठिकाण बहुधा हजारो मैल दूर असतं, तिथे आपण नाही हे सांगायला गणित लागत नाही. आणि आभाळ चार-पाच दिवस भरलेलंच राहिलं तर? मग होकायंत्राची दिशा, बोटीचा अंदाजे वेग आणि गेलेले तास, एवढ्यावर पेन्सिलीने रेघ ओढत राहायचं. मग ढग फाटायची वाट बघायची.

बरं, ही बाई सूर्य टेकवत बसली तर सुकाणू कोण धरणार? रात्री झोपली तर? एकटा माणूस आठ महिने जागा राहू शकत नाही, आणि विजेवर चालणारं सुकाणू तर निषिद्ध.

इथे एक पातळ पट्टी कामाला येते. बोटीच्या मागच्या टोकाला, वाऱ्यात उभी केलेली. तिची धार वाऱ्याकडे असेल तोवर वारा तिला दोन्ही बाजूंनी चाटून जातो, ती हलत नाही. बोट वाट सोडून जरा वळली, की वारा पट्टीच्या अंगावर येतो आणि ती कलंडते. आता या कलंडण्यात ताकद किती? चिमूटभर. त्याने सुकाणू थोडंच हलणार! पण ती पट्टी पाण्यात सोडलेलं एक वल्हं किंचित तिरपं करते. धावत्या एसटीच्या खिडकीतून आपण तळहात बाहेर काढतो (काढू नये, पण काढतो), तो सपाट धरला तर नुसता वारा लागतो आणि जरा तिरपा केला की हात फाडकन वर उडतो. पाणी हवेपेक्षा आठशेपट जड. वल्हं फाडकन बाजूला ढकललं जातं, त्याला बांधलेले दोर सुकाणू ओढतात, बोट पुन्हा वाटेवर येते आणि पट्टी उभी राहते. वारा फक्त खूण करतो, जोर लावतो समुद्र. ना तेल, ना वीज, ना झोप. जितकी बोट वेगात, तितकी याची पकड घट्ट. माणसाने बनवलेल्या यंत्रांत यापेक्षा समजूतदार यंत्र मला तरी माहीत नाही.

याची किंमत काय, ते याच शर्यतीत दिसलं. सायमन कर्विन हा इंग्रज खलाशी सगळ्यांच्या पुढे होता. दक्षिण अमेरिकेचं टोक गाठण्याआधी त्याची ही पट्टीची यंत्रणा मोडली. दुरुस्तीसाठी त्याला चिलीच्या किनाऱ्याला लागावं लागलं, आणि एकदा थांबला म्हणून तो मुख्य शर्यतीतून बाद.

किर्स्टनची बोट 'मिनेहाहा'. डकोटा भाषेत पाण्याच्या धबधब्याला असलेल्या शब्दांवरून आलेलं नाव. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर करोनाच्या काळात तिने ही बोट स्वतः राबून नव्याने उभी केली, मग ती चालवत आधी दक्षिण आफ्रिका आणि तिथून फ्रान्स गाठलं. म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर येण्यासाठीच तिने अटलांटिक उभा-आडवा पालथा घातला. निघणारे १६ जण होते. बाई एकटी तीच.

आता १८ नोव्हेंबर २०२२. हिंदी महासागराचा दक्षिण भाग, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ४६० सागरी मैल. फिनलंडचा टापिओ लेहतिनेन सकाळी जागा झाला तो बोटीत पाणी घुसल्याच्या आवाजाने. मागच्या बाजूने पाणी धो धो आत येत होतं. काही मिनिटांत त्याची 'अ‍ॅस्टेरिया' बुडाली. तो रबरी तराफ्यात, जवळ संकटाची खूण पाठवणारं छोटं यंत्र.

सर्वांत जवळ कोण? किर्स्टन, सुमारे शंभर सागरी मैलांवर. तिला निरोप मिळाला, आयोजकांनी मोहोरबंद जीपीएस फोडायची परवानगी दिली आणि तिने बोट वळवली. रात्रभर सुकाणू हातात धरून ती धावत राहिली. आता तुम्ही म्हणाल, जागा तर उपग्रहाने सांगितलीच, उरलं काय?

उरलं ते सगळ्यात अवघड. दोन मीटर उंचीवरच्या डोळ्याला समुद्राचं क्षितिज पाच किलोमीटरवर संपतं, कारण पृथ्वी गोल आहे आणि पुढचं पाणी खाली वळून जातं. त्यात दोन-तीन मीटरच्या लाटा, आणि तराफा त्यांच्या खळग्यात. तो वर येणार क्षणभर, आणि नेमकी आपलीही बोट त्याच क्षणी वर असायला हवी, आणि आपण त्याच दिशेला बघत असायला हवं. शिवाय तराफा वाऱ्याने सरकतोय, म्हणजे हाती आलेली जागा ऐकेपर्यंत शिळी झालेली. लेहतिनेनला तिचं शीड दिसत होतं, कारण ते उंच होतं. तिला मात्र तो दिसेना! जगातल्या सगळ्या नकाशांवर त्याचा ठिपका स्पष्ट, आणि जी हाकेच्या अंतरावर आली होती तिलाच तो सापडत नव्हता.

शेवटी सापडला. तिने दोर फेकला, त्याला बोटीवर ओढून घेतलं, आणि दोघांनी एकेक घोट रम घेतली. एवढ्यात त्या बाजूने जाणारं एक मालवाहू जहाज मदतीला वळवलं होतं तेही पोचलं. त्याचं नाव 'दर्या गायत्री'. होय, दर्या! लेहतिनेन त्या जहाजाच्या कुशीला लोंबणारी दोराची शिडी चढून वर गेला, आणि किर्स्टन शीड भरून पुढे निघाली. एका माणसाच्या जिवासाठी खर्ची पडलेल्या वेळेपोटी तिला ३५ तासांची भरपाई मिळाली. मला हा आकडा फार आवडतो. माणूस वाचवायला लागलेला वेळ शर्यतीत धरायचा नाही, असं कुणीतरी नियमात लिहून ठेवलंय.

त्यापुढचा समुद्र म्हणजे दक्षिणेचा. चाळीस अंशांच्या खाली पृथ्वीभोवती जवळपास सलग पाण्याचा पट्टा आहे. वाऱ्याला अडवायला डोंगर नाही, लाटेला फुटायला किनारा नाही. एकदा उठलेली लाट हजारो मैल धावत मोठी होत राहते. चार वर्षांपूर्वीच्या शर्यतीत याच समुद्राने आपल्या अभिलाष टॉमींची 'थुरिया' लोळवली होती. डोलकाठी मोडली, पाठीचा कणा दुखावला, आणि एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तो माणूस पाठीत धातू बसवून घेऊन पुन्हा उभा राहिला आणि २०२२ च्या शर्यतीत किर्स्टनच्या मागे मागे येत होता! १५ फेब्रुवारी २०२३ रोजी किर्स्टनने दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी केप हॉर्न ओलांडला. तीनेक दिवसांनी अभिलाषनी.

आणि एवढ्या राक्षसी लाटांमधून गेलेल्या बोटींना शेवटी कोणी छळावं? बोटाएवढ्या जिवांनी. बार्नाकल म्हणतात त्यांना, खेकडे-कोळंबीचे भाऊबंद. पिल्लं पाण्यात तरंगत असतात, एखादी सावकाश जाणारी वस्तू मिळाली की डोकं तिला चिकटवतात आणि जन्मभर पाय हलवत तोंडात अन्न सारत बसतात. डोक्यावर उभं राहून पायांनी जेवायचं, असलं हे आयुष्य! पाण्याखाली, ओल्या पृष्ठभागावर त्यांचा डिंक असा धरतो की माणसाच्या कारखान्यांना अजून हेवा वाटतो. बुडाला त्यांची दाढी वाढली की बोट रेंगाळते. उपाय एकच: वारा पडलेला दिवस बघून भर महासागरात उडी मारायची, खाली चार-पाच किलोमीटर पाणी, आणि खरवडायला लागायचं. किर्स्टनने तेही केलं.

सगळा प्रवास जवळजवळ ३०,००० सागरी मैलांचा. दिवसांनी भागून बघा, सरासरी वेग ताशी दहा किलोमीटरच्या आत येतो. रमतगमत चालवलेल्या सायकलचा! बाविसाव्या वर्षी जिने आफ्रिका सायकलने ओलांडली, तिने चाळिशीत पृथ्वीही त्याच चालीने ओलांडली.

शेवटी अटलांटिक. विषुववृत्ताच्या पट्ट्यात वारा मरतो. कोवळं ऊन तिथे नाहीच, हवा तापून सरळ वर चढते आणि आडवी वाहायची विसरते. शिडं लोंबतात, समुद्र काचेसारखा. असल्या वेळी किर्स्टन पाण्यात उडी मारून पोहायची. पाऊस आला की तो भांड्यांत धरून ठेवायची, प्यायला.

आणि या सगळ्यात एक गोष्ट तिला ठाऊकच नव्हती. प्रत्येक बोटीवर जागा सांगणारं यंत्र होतं, त्याची खूण जगभरच्या लोकांना मोबाइलवर दिसत होती. पुण्यात बसून मीही ते ठिपके बघू शकत होतो: ती पुढे, अभिलाष मागे, मध्ये कधी शेकडो मैल तर कधी शंभरेक. सगळ्यांना दिसत होतं. बोटीवरच्यांना तेवढं नाही. आपण पहिले आहोत की तिसरे, हे न कळता ती आठवडेच्या आठवडे शिडं बदलत होती.

२७ एप्रिल २०२३ ची संध्याकाळ. ले साब्ल दोलोनजवळ वारा जवळजवळ पडलेला. 'मिनेहाहा' इंचाइंचाने पुढे सरकत होती, आणि किनाऱ्यावरून होड्या तिला सामोऱ्या आल्या होत्या. सायमन कर्विन सकाळीच पोचला होता, पण त्याची गणना आता वेगळ्या गटात होती. अभिलाष दोन दिवसांनी येणार होते, दुसरे. तिसरा ऑस्ट्रियाचा मिखाएल गुगेनबर्गर, आणि मुख्य शर्यत पुरी करणारे एवढे तिघेच.

स्थानिक घड्याळात रात्रीचे पावणेदहा होत आले होते तेव्हा तिने रेषा ओलांडली. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत जिंकणारी ती जगातली पहिली स्त्री, आणि ती जिंकली आहे हे तिला तिथे पोचल्यावर, समोर आलेल्या माणसांकडून कळलं. सूर्य अर्ध्या-पाऊण तासापूर्वी मावळला होता. बिनसावलीचा ठिपका त्या क्षणी मेक्सिकोच्या नैर्ऋत्येला, प्रशांत महासागराच्या उघड्या पाण्यावर होता, आणि पश्चिमेकडे पळत होता.